जुन्या अँप्लिफायरला ब्लूटूथ: कोकणातल्या घरासाठी आणि देवळासाठी

कोकणातल्या बऱ्याच घरांत माळ्यावर नाहीतर माजघरातल्या फळीवर एखादी जुनी म्युझिक सिस्टीम चादरीखाली पडून असते. कॅसेटींना बुरशी लागली, सीडीची लेन्स गेली, म्हणून ती बंद. पण आतला अँप्लिफायर आणि लाकडी खोक्यांतले स्पीकर बहुतेकदा शाबूत असतात. सहा-आठ इंची कोनच्या स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा जसा येतो, तसा तळहातावर मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरमधून येणं शक्य नाही, कारण तेवढी हवा ढकलायला त्याच्यात जागाच नसते. म्हणून नवा स्पीकर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी विचारतो: घरात जुना काही आहे का? असेल तर काही शे रुपयांचा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर आणा, त्याला जोडा आणि मोबाइलवरची गाणी त्याच्यावर ऐका.

हे काम पहिल्यांदाच करू बघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या कामातला बिनतारी भाग सर्वांत सोपा. मोबाइल आणि अ‍ॅडॅप्टर एकमेकांना मिनिटभरात ओळखतात. त्रास होतो तो उरलेल्या तारेचा: अ‍ॅडॅप्टरपासून अँप्लिफायरपर्यंतची हातभर केबल, तिच्या पिना, आणि अ‍ॅडॅप्टरला वीज देणारा चार्जर. त्यात आपली हवा खारी आणि दमट. आवाज बिघडला की लोक मोबाइलला दोष देतात. तपासायला हवी असते ती पिन.

आधी मागची बाजू बघा

बाजारात जाण्यापूर्वी सिस्टीम भिंतीपासून पुढे ओढा, टॉर्च मारा आणि मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. कणकवली, चिपळूण, रत्नागिरी, कुठल्याही दुकानात तोंडी वर्णन करण्यापेक्षा हा फोटो दाखवलेला बरा. चुकीची केबल घेऊन घरी आलात तर ती बदलायला पुन्हा एसटीची फेरी आली.

तुम्ही शोधताय ती सिग्नल आत घेणारी जागा. लाल आणि पांढऱ्या (कधी लाल आणि काळ्या) गोल सॉकेटांची जोडी असेल आणि तिच्यावर ऑक्स, लाइन इन, सीडी किंवा ट्यूनर असं छापलेलं असेल, तर काम झालं. या चारांपैकी कुठलीही जोडी चालते. मागे ‘सीडी’ लिहिलंय म्हणून तिथे सीडी प्लेयरच लागतो असं नाही. विजेच्या दृष्टीने या सगळ्या जागा जवळपास सारख्याच असतात. पुढच्या बाजूचा निवडीचा खटका तेवढा त्याच नावावर फिरवायचा.

‘टेप’ नावाखाली दोन जोड्या दिसल्या तर जरा थांबा. त्यांतली एक आत घेणारी असते, तिच्यावर प्ले किंवा इन लिहिलेलं असतं. दुसरी रेकॉर्डिंगसाठी बाहेर देणारी, तिच्यावर रेक किंवा आउट. आपल्याला पहिली हवी. आणि अशा अँप्लिफायरच्या पुढच्या बाजूला बहुधा ‘टेप मॉनिटर’ नावाचं बटण असतं. ते दाबल्याशिवाय टेपच्या जागेवरचा आवाज पुढे जात नाही. सगळं बरोबर जोडूनही सिस्टीम मुकी राहते, तिथे हे बटण आधी बघावं.

‘फोनो’ लिहिलेल्या जागेला मात्र हात लावू नका. ती रेकॉर्ड प्लेयरसाठी आहे. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, म्हणून तिथे तो प्रचंड मोठा केला जातो. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए या मापानुसार फोनोची जागा तो फरक उलटा भरून काढते. ब्लूटूथचा सिग्नल त्या मानाने शेकडो पट मोठा आणि आधीच समतोल असतो. तो इथे दिला की आवाज फाटतो, घोगरा होतो आणि खर्जाने भरून जातो.

जुन्या डेकला लाल-पांढऱ्याऐवजी पाच भोकांचं एकच गोल सॉकेट असेल, तर त्याला डिन म्हणतात. त्यासाठी डिनवरून आरसीएवर, म्हणजे वर सांगितलेल्या गोल सॉकेटांत बसणाऱ्या पिनांवर, येणारी केबल मिळते. चार आरसीए टोकांची घ्या: त्यांतली दोन आत नेणारी, दोन बाहेर देणारी असतात. एका जोडीवर आवाज आला नाही तर दुसरी लावून बघायची, एवढंच.

मागे काहीच नाही, फक्त कॅसेटचं तोंड आहे? तर कॅसेटच्या आकाराचा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर मिळतो. तो कॅसेटसारखा आत सारायचा. त्याचं छोटं हेड डेकच्या हेडला चुंबकीय सिग्नल देतं. मूळच्या ऑक्सइतका स्वच्छ आवाज त्यातून येत नाही, तरी ऐकण्याजोगा येतो. मात्र डेकचे पट्टे वितळले असतील किंवा मोटार फिरत नसेल, तर काही डेक प्लेचं बटण टिकूच देत नाहीत. त्यामुळे आधी एखादी टाकाऊ कॅसेट लावून यंत्र चालतंय का ते बघा.

आणि आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. त्याबद्दल गंभीरपणे सांगतो. त्या काळच्या काही सेटांत ट्रान्सफॉर्मर नसायचा आणि आतला लोखंडी सांगाडा थेट मेन्सला जोडलेला असायचा. अशा रेडिओला स्वतः तार जोडायला गेलात तर २३० व्होल्टचा झटका बसू शकतो आणि त्याच तारेतून वीज मोबाइलच्या चार्जरपर्यंतही पोहोचू शकते. व्हॉल्व्हचं काम जाणणारा मेकॅनिक मिळाला तर त्याच्याकडून ऑक्सची जागा करून घ्या. नाही मिळाला तर तो रेडिओ दिवाणखान्यात शोभेला ठेवा आणि ब्लूटूथसाठी दुसरं काही शोधा.

वर्षानुवर्षं बंद असलेली सिस्टीम एकदम चालू करू नका

ही पायरी बहुतेक जण गाळतात. वर्षानुवर्षं वीज न लागलेल्या अँप्लिफायरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) कमजोर झालेले असतात. आत मुंग्यांनी घर केलेलं असतं, पालीची अंडी असतात, कधी उंदराने वायर कुरतडलेली असते. प्लग काढलेला असतानाच वरची जाळी ब्रशने आणि हवेने साफ करा. मग गावातल्या इलेक्ट्रिशियनकडे नेऊन पहिल्यांदा बल्ब सिरीजमध्ये ठेवून चालू करायला सांगा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकभकीत पेटतो आणि अँप्लिफायर वाचतो. ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो.

स्पीकरची जाळी काढून कोनच्या कडेचा गोल पट्टा बोटाने हलकेच दाबून बघा. हा पट्टा फोमचा असेल तर समुद्राकाठच्या दमट हवेत तो कुजतो आणि हात लावताच चुरा होतो. तसं असेल तर आधी तो पट्टा बदलून घ्या. तसाच मोठ्याने वाजवलात तर कॉइल घासून स्पीकर जातो. कापडी किंवा रबरी पट्टे जास्त टिकतात.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर वीज बंद ठेवून तो बटणखुंटा दोन्ही टोकांपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवा. बरीच खरखर त्यानेच जाते. उरली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल त्यात कधीही घालू नका, त्यावर धूळ चिकटते आणि काही महिन्यांत दुप्पट खरखर सुरू होते.

अ‍ॅडॅप्टर घेताना

दुकानात पहिला शब्द ‘रिसीव्हर’ हा वापरा. ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर दोन जातींचे असतात. रिसीव्हर मोबाइलकडून गाणं घेतो आणि तारेने अँप्लिफायरला देतो. आपल्याला तो हवा. ट्रान्समीटर उलट काम करतो, टीव्हीसारख्या वस्तूतला आवाज हवेतून हेडफोनकडे पाठवतो. काही अ‍ॅडॅप्टर दोन्ही असतात आणि त्यांवर एक बारीक खटका असतो; तो आरएक्सवर, म्हणजे रिसीव्हरच्या बाजूला हवा. तिसरी एक वस्तूही त्याच काउंटरवर असते, कॉम्प्युटरला ब्लूटूथ देणारा नखाएवढा यूएसबी डोंगल. तो अँप्लिफायरच्या काही उपयोगाचा नाही.

मग वीज. काही रिसीव्हरमध्ये बॅटरी असते, काही सतत चार्जरवर चालतात. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून बॅटरीवाला बरा असं वाटतं. एका जागी कायम ठेवायचा असेल तर माझं मत उलट आहे. लाईट येताच आपोआप चालू होणारा, बॅटरी नसलेला रिसीव्हर घ्या. लाईट गेली की अँप्लिफायर बंद होणारच आहे, तेव्हा नुसता अ‍ॅडॅप्टर जिवंत राहून उपयोग काय? बॅटरीवाल्याचं बटण दर वेळी दाबावं लागतं, आणि अ‍ॅडॅप्टर कपाटाच्या मागे असेल तर ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. बॅटरीवाला घ्यावा तो गाडीसाठी किंवा भजनाला आज या वाडीत, उद्या त्या वाडीत जाणाऱ्या मंडळासाठी.

बाहेर येणारी जागा 3.5 मिलिमीटरची, म्हणजे हेडफोनच्या पिनेची असेल, तर एका टोकाला ती पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना अशी केबल लागते. मोबाइलच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, एक माइकसाठीची. आपल्याला दोन रेघांची, साधी स्टीरिओ पिन हवी. केबल स्वस्तातली स्वस्त घेऊ नका. अ‍ॅडॅप्टरवर पैसे वाचवले तरी चालेल, केबलवर नको. पिन घट्ट बसणारी, तार जाड, आणि लांबी गरजेपुरतीच, म्हणजे मीटर-दीड मीटर.

डब्यावर एसबीसी, एएसी, एपीटीएक्स, एलडॅक अशी नावं दिसतील. गाणं हवेतून पाठवण्यापूर्वी ते लहान करण्याच्या या पद्धती आहेत. एसबीसी ब्लूटूथवर गाणी वाजवणाऱ्या प्रत्येक उपकरणात असतेच आणि नेहमीच्या चांगल्या प्रतीत ती सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट पाठवते. सोनीची एलडॅक ९९० पर्यंत जाते, अँड्रॉइडमध्ये ती २०१७ च्या ओरिओ आवृत्तीपासून आहे. आयफोन फक्त एसबीसी आणि एएसी वापरतो, म्हणून आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जादा पैसे देऊ नयेत. जुन्या स्पीकरवर ओटीवर बसून ऐकायला एसबीसी पुरते. फरक पडतो तो गाण्याच्या मूळ प्रतीने: कुणीतरी पुढे पाठवलेली, पिचलेली फाइल कुठल्याच पद्धतीने सुधारत नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची प्रत सर्वांत वरची निवडा.

जोडणी

अँप्लिफायर बंद. व्हॉल्यूम शून्यावर. हे आधी करा. चालू अँप्लिफायरमध्ये पिन घुसवली की ‘धप्प’ असा आवाज होतो आणि तो स्पीकरला सोसवतोच असं नाही.

लाल पिन लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात (किंवा काळ्यात). लाल म्हणजे उजवी बाजू. पिन शेवटपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली आरसीए पिन घरघरते. दुसरं टोक रिसीव्हरमध्ये. मग रिसीव्हरला चार्जर लावा. साधा पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर पुरतो. रिसीव्हरचा दिवा लुकलुकायला लागला की तो जोडीदार शोधतोय असं समजा. बॅटरीवाल्याचं बटण त्यासाठी काही सेकंद दाबून धरावं लागतं.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडा, नवीन उपकरण जोडा म्हणा, यादीत रिसीव्हरचं नाव आलं की त्यावर बोट ठेवा. आकडा विचारला तर ०००० नाहीतर १२३४ चालतो. दिवा स्थिर झाला की जोडणी झाली. आता अँप्लिफायर चालू करा, खटका ऑक्सवर आणा, मोबाइलवर गाणं लावा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा.

इंटरनेट लागतं का, हा प्रश्न गावात हमखास येतो. ब्लूटूथला लागत नाही. मोबाइल आणि रिसीव्हर थेट बोलतात. रेंज यायला पाणंदीच्या टोकापर्यंत चालत जावं लागतं अशा वाडीतसुद्धा हे चालतं, फक्त गाणी आधी मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेली हवीत. रेंज बरी असेल तर आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर अ‍ॅपवर अनेक केंद्रांचं प्रसारण लागतं. डोंगरामुळे रेडिओ नीट धरत नाही अशा घरात त्याचा मोठा उपयोग होतो.

आवाजाचं गणित आणि फोनची सेटिंग

दोन ठिकाणी व्हॉल्यूम आहे: मोबाइलवर आणि अँप्लिफायरवर. मोबाइलचा नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवून द्या आणि कमी-जास्त अँप्लिफायरवर करा. मोबाइल तळाशी ठेवून अँप्लिफायर पूर्ण उघडला, तर रिसीव्हरची सगळी सळसळ गाण्यासोबत मोठी होऊन येते. मोबाइल अगदी शंभरावर नेल्यावर काही स्वस्त रिसीव्हर फाटका आवाज देतात, म्हणून थोडा खाली.

यानंतर एक काम आवर्जून करा. अँड्रॉइड मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत रिसीव्हरच्या नावासमोरच्या चाकावर दाबा आणि ‘कॉल’ बंद करून फक्त ‘मीडिया’ चालू ठेवा. नाहीतर माइक असलेल्या रिसीव्हरवर मुंबईहून आलेला फोन थेट स्पीकरवर बोलायला लागतो. त्यानेही मेसेजचा टिंग थांबत नाही. कार्यक्रमाच्या वेळी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि मग ब्लूटूथ तेवढं पुन्हा चालू करा. आरती चालू असताना मधेच रिंगटोन वाजू नये याचा यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

बहुतेक रिसीव्हर एका वेळी एकाच मोबाइलला धरतात. दुसऱ्याला जोडायचं तर पहिल्याने ब्लूटूथ बंद करायला हवं. ‘दिसतंय पण जोडत नाही’ ही तक्रार आली की घरातला दुसरा कुठला फोन आधीच चिकटलेला आहे का ते बघा. गणपतीत चाकरमानी घरी आले की हे रोज होतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: स्वस्त रिसीव्हरला कुलूप नसतं, मोकळा असला तर शेजारच्या पोराचा फोनही त्याला जोडला जातो. काम झालं की वीज काढा.

चिऱ्याच्या भिंती

डब्यावर दहा मीटर लिहिलेलं असतं. ते मोकळ्या जागेतलं. जांभ्याच्या चिऱ्याची फूटभर जाड भिंत, त्यात पावसाळ्यात मुरलेलं पाणी, की ते अंतर एका खोलीवर येतं. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या असतात आणि पाणी त्या शोषून घेतं. माणसाच्या शरीरातही पाणीच असतं, म्हणून मोबाइल पुढच्या खिशात ठेवून रिसीव्हरकडे पाठमोरे उभे राहिलात तरी गाणं तुटू शकतं.

उपाय सोपा: मोबाइल स्पीकरच्याच खोलीत ठेवा. रिसीव्हर लोखंडी कपाटात किंवा अँप्लिफायरच्या पत्र्याच्या पाठीमागे दडपू नका. पडवीत ऐकायचं असेल तर खिडकीच्या किंवा दाराच्या रेषेत, उंचावर ठेवा. वायफायच्या राऊटरपासून हात-दोन हात दूर ठेवा, तोही बहुधा त्याच पट्ट्यात बोलतो. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वेगवेगळ्या वाहिन्यांवर उड्या मारत हा गोंगाट चुकवतं खरं, पण राऊटरला चिकटूनच ठेवला तर तेही कमी पडतं.

घरघर, एकच बाजू, आणि इतर तक्रारी

सर्वांत जास्त येणारी तक्रार: गाणं नसतानाही ‘घूंऽऽ’ असा आवाज. एक चाचणी करा. रिसीव्हर चार्जरवरून काढून पॉवर बँकेवर लावा. घरघर गेली तर दोष चार्जरच्या वाटेने येतोय. दुसरा, बऱ्या दर्जाचा चार्जर लावून बघा, किंवा केबलच्या मध्ये बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या. तो लहानसा असतो आणि दोन्ही बाजूंना विजेने वेगळं करून फक्त आवाज पुढे पाठवतो. पॉवर बँकेवरही घरघर तशीच राहिली तर केबल किंवा अँप्लिफायर. फक्त इन्व्हर्टरवर असतानाच घरघर येत असेल तर तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह जातीचा असण्याची शक्यता मोठी, आणि त्यावर केबलचा इलाज नाही.

घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका. पावसात ओल आलेल्या भिंतीच्या घरात ती पिन जीव वाचवते.

एकाच बाजूला आवाज येत असेल तर लाल आणि पांढरी पिन आपसात बदला. मुकी बाजू बदलली तर दोष केबलमध्ये किंवा रिसीव्हरमध्ये. नाही बदलली तर अँप्लिफायर, स्पीकर किंवा त्यांच्या वायरीत. एका मिनिटात निम्मं निदान होतं.

देवळात आणि मंडपात

देवळातला अँप्लिफायर घरातल्यापेक्षा वेगळा. आपल्याकडे तो बहुधा अहुजासारख्या कंपनीचा, माइकच्या तीन-चार जागा आणि एखादी ऑक्सची जागा असलेला. रिसीव्हर माइकच्या जागेत लावू नका. माइक काही मिलिव्होल्ट देतो आणि ती जागा त्यासाठीच बनलेली. ब्लूटूथ तिथे फाटणारच. ऑक्समध्येच लावा.

हे अँप्लिफायर बहुतेक मोनो असतात, सगळ्या कर्ण्यांत एकच आवाज. म्हणून डावी-उजवी दोन्ही बाजू एकाच पिनेत जोडणारी साधी पिन लोक वापरतात. त्याने रिसीव्हरचे दोन्ही आउटपुट एकमेकांवर ढकलले जातात. चांगला मार्ग असा: मोबाइलच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या भागात ‘मोनो ऑडिओ’ आहे, तो चालू करा. आता दोन्ही बाजूंना पूर्ण गाणं येतं. मग पांढरी पिन लावा आणि लाल पिन इन्सुलेशन टेप गुंडाळून मोकळी सोडा. हे न करता नुसती एक बाजू लावलीत तर काही रेकॉर्डिंगमध्ये गाणं येतं आणि टाळ-पखवाज गायब होतात.

मंडपात दोन अँप्लिफायर असतील तर दोन रिसीव्हर घेऊ नका. ब्लूटूथने आवाज थोडा उशिरा पोहोचतो, दोघांचा उशीर वेगवेगळा पडतो आणि आवाज घुमल्यासारखा दुहेरी येतो. एकच रिसीव्हर, आणि त्याच्यापुढे एकाचे दोन करणारी वाय केबल. एका आउटपुटवरून दोन इनपुटना देता येतं. दोन आउटपुट एकात ओतता येत नाहीत.

हा उशीर एसबीसीवर साधारण पाव सेकंदापर्यंत जातो. नुसतं ऐकताना तो कळत नाही. ट्रॅक लावून गाणाऱ्याने मोबाइलच्या पडद्यावर धावणाऱ्या ओळींकडे न बघता स्पीकरमधून येणारा ठेका धरावा, आणि माइक मात्र तारेनेच थेट अँप्लिफायरला द्यावा. माइकचा आवाजही ब्लूटूथने फिरवला तर स्वतःचाच सूर उशिरा ऐकू येतो आणि कुणालाही गाता येत नाही. डबलबारीला तर हा विचारसुद्धा नको.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार ठरावीक सणांच्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं. मंडळाच्या परवानगीच्या कागदावर त्या तारखा बघून घ्या.

मिरग लागण्यापूर्वी

पिनांवर हिरवट-काळा थर दिसला की समजा खाऱ्या हवेने काम सुरू केलंय. मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना आणि सॉकेट पुसा, पूर्ण वाळू द्या. सॅंडपेपर घासू नका, वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसात पिन आणखी लवकर खराब होते. वर्षभर एकाच जागी बसलेली पिन मधूनमधून काढून पुन्हा लावली तरी धातू घासून संपर्क सुधारतो.

पावसाळ्यात सिस्टीम पूर्ण झाकून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर वाजवा. आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. वाजवल्यावर गार होऊ द्या आणि मगच झाका. प्लास्टिकने नको, सुती कापडाने. गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा, रिसीव्हरच्या चार्जरसकट.

घरी वडीलधारी मंडळी एकटी राहत असतील तर निघण्यापूर्वी त्यांच्याकडून सगळं एकदा करवून घ्या, आपण हात न लावता. अँप्लिफायरवर ठळक अक्षरांत तीन ओळींची चिठ्ठी चिकटवा: आधी भिंतीवरची दोन्ही बटणं, मग अँप्लिफायर, मग मोबाइलवर गाणं. त्यांच्या फोनवर रिसीव्हरचं नाव बदलून ‘माजघर’ असं ठेवता येतं. यादीतल्या इंग्रजी आकड्यांपेक्षा ते त्यांना पटकन सापडतं.

आणि घर बंद करून जाणार असाल तर रिसीव्हर आणि केबल सोबत घेऊन जा. बॅटरीवाला असेल तर ती साधारण अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी लिथियम बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली तर कायमची जाते. स्पीकरच्या वायरी काढण्याची गरज नाही, मात्र मागच्या मोकळ्या आरसीए जागांवर टोपणं नाहीतर कागदी चिकटपट्टी लावा. कुंभारमाशी असं एकही भोक सोडत नाही.